‘स्टॉपिंग डिस्क’ ही ओळ कुठे गेली?

लिनक्स चालवणारा संगणक बंद करताना पडद्यावर अगदी शेवटी दोन ओळी झरकन येऊन जातात. पहिली सांगते की डिस्कची कॅशे रिकामी केली, दुसरी सांगते की डिस्क थांबवली. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, शब्दांत ‘सिंक्रोनायझिंग एससीएसआय कॅशे’ आणि ‘स्टॉपिंग डिस्क’. २०२३ च्या ऑक्टोबरात ताज्या कर्नलवर गेलेल्या, साटा या रूढ जोडणीच्या डिस्क असलेल्या यंत्रांवर यातली दुसरी ओळ येईनाशी झाली. संगणक नीट बंद होत होता, फायली शाबूत होत्या, दुसऱ्या दिवशी तो सुरूही होत होता. फक्त डिस्कच्या आत एक आकडा दर वेळी एकाने वाढत होता, आणि तो आकडा कोणी रोज बघत नाही.

प्रकरण तसं छोटं. डेटा गेला नाही, काम कोणाचं थांबलं नाही, दुरुस्तीही महिनाभराच्या आत आली. तरी साठवणीचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने किंवा तपासणाऱ्याने ते मुळापासून पाहावं असं मला वाटतं. वीजव्यवस्थापनाचं डीफॉल्ट ठरवताना हटकून होणारी गफलत इथे अगदी स्वच्छ दिसते: एकाच फ्लॅगवर, म्हणजे चालू-बंद सांगणाऱ्या खुणेवर, तीन-चार कामं टांगलेली असतात, त्यातलं एक दुसरीकडे हलवलं जातं आणि उरलेल्यांपैकी एखाद्याला वाली राहत नाही.

रिकामं करणं वेगळं, थांबवणं वेगळं

आधी ‘डिस्क थांबवणं’ म्हणजे काय ते पाहू, कारण इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो.

डिस्कला लिहायला दिलेला मजकूर लगेच तबकडीवर जातोच असं नाही. तो आधी डिस्कच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे राइट कॅशेत थांबतो. वीज जाण्यापूर्वी ही कॅशे तबकडीवर उतरवायची तर वेगळा हुकूम द्यावा लागतो. एससीएसआय या डिस्कशी बोलायच्या जुन्या हुकूमसंचाच्या भाषेत तो ‘सिंक्रोनाइझ कॅशे’, साटाच्या भाषेत ‘फ्लश कॅशे’. हा हुकूम चुकला तर खरंच डेटा जातो. या प्रकरणात तो कधीच चुकला नाही. पहिली ओळ येत होती ती याचीच.

दुसरा हुकूम आहे डिस्कला विश्रांतीला पाठवण्याचा, ‘स्टँडबाय इमिजिएट’. तो मिळाला की फिरत्या तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगणारी हेड्स सावकाश, मोजक्या वेगाने रॅम्पवर चढतात, मग मोटर थांबते. आता हा हुकूम न देता सरळ वीज काढली तर काय होतं? हेड्स तबकडीवर आदळत नाहीत, आधुनिक डिस्क तेवढी हुशार असते. मोटर अजून फिरत असते, ती क्षणभर जनित्रासारखी वीज देते आणि त्या विजेवर डिस्क हेड्सना हिसका देऊन बाहेर ओढते. कान देऊन ऐकलं तर नेहमीपेक्षा कडक ‘टक’ ऐकू येतं. याला आणीबाणीची माघार म्हणता येईल. नियंत्रित पार्किंग किती वेळा सोसेल याचा आकडा डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण तीन ते सहा लाखांच्या घरात असतो. आणीबाणीच्या माघारीची मर्यादा त्याहून कितीतरी कमी असते. एखाद-दुसऱ्या वेळी काही बिघडत नाही, रोज रोज मात्र ते परवडणारं नाही.

एसएसडीत हेड्स नाहीत, म्हणून तिला याचं काही सोयरसुतक नाही असा समज आहे. तो खरा नाही. एसएसडी कुठला ब्लॉक कुठल्या फ्लॅश पानावर ठेवला याचा नकाशा चालू असताना मेमरीत सांभाळते. ‘स्टँडबाय इमिजिएट’ म्हणजे तिच्यासाठी आवराआवर करायची सूचना. ती न मिळता वीज गेली तर बरी एसएसडी पुढच्या वेळी सुरू होताना नकाशा पुन्हा जुळवते. जुळवतेच असं गृहीत धरून डीफॉल्ट ठरवणं मात्र मला पटत नाही. फर्मवेअरची, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रामची, जी वाट कमीत कमी वेळा चालली जावी अशी अपेक्षा आहे, तिच्यावरून रोज जाण्यात शहाणपण नाही.

दोन्ही प्रकारच्या डिस्क या घटनांची नोंद ठेवतात. स्मार्ट या डिस्कच्या तब्येतीच्या तक्त्यात फिरत्या डिस्कवर १९२ क्रमांकाला ‘पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट’ असतो आणि काही एसएसडींवर १७४ क्रमांकाला अनपेक्षितपणे वीज गेल्याचा आकडा असतो. वाढत होते ते हेच आकडे.

हुकूम द्यायचा कोणी

लिनक्समध्ये साटा डिस्क एससीएसआय डिस्कचं सोंग घेऊन वावरते. वर ‘एसडी’ नावाचा ड्रायव्हर असतो, त्याला फक्त एससीएसआयची भाषा कळते. खाली ‘लिबएटा’ बसलेला असतो, तो दुभाष्याचं काम करतो. एसडीने ‘स्टार्ट स्टॉप युनिट’ हा हुकूम ‘थांब’ असं सांगून पाठवला की लिबएटा त्याचा ‘स्टँडबाय इमिजिएट’ करतो. ‘सुरू हो’ असं सांगून पाठवला की जरा गंमत होते. विश्रांतीतल्या डिस्कला ‘फिरायला लाग’ एवढंच सांगणारा सरळ हुकूम साटाकडे नाही. म्हणून लिबएटा डिस्कला एक सेक्टर वाचून पडताळायला सांगतो. तेवढ्यासाठी तिला फिरावंच लागतं.

एसडी हा हुकूम सरसकट कुणालाही पाठवत नाही. दर डिस्कमागे एक फ्लॅग असायचा, ‘मॅनेज_स्टार्ट_स्टॉप’. तो चालू असेल तरच एसडी थांबवण्या-सुरू करण्याची जबाबदारी घेई. एससीएसआय थराचं मूळ डीफॉल्ट ‘बंद’ असं होतं.

हे डीफॉल्ट पहिल्यांदा पाहिलं की विचित्र वाटतं. डिस्क थांबवणं इतकं चांगलं असेल तर सगळ्यांसाठी चालूच का नाही ठेवत? कारण एससीएसआयच्या जगात डिस्क आपल्या एकट्याची असेलच असं नाही. साठवणीच्या जाळ्यावर एकच डिस्क दोन-तीन यजमान यंत्रं वापरत असतात. त्यातलं एक बंद होताना जाता जाता डिस्क थांबवून गेलं तर बाकीच्यांचं काम लटकतं. म्हणून नियम असा ठेवला: डिस्क फक्त आपली आहे हे ज्या खालच्या ड्रायव्हरला नक्की माहीत आहे त्यानेच फ्लॅग चालू करायचा. फायरवायरचा ड्रायव्हर हे फार नेटकं करतो. डिस्कवर एकट्याचा लॉगिन घेतला असेल तरच तो फ्लॅग चालू करतो, वाटून घेतलेल्या डिस्कला हात लावत नाही. साटाची केबल एका टोकाला एकच डिस्क आणि दुसऱ्या टोकाला एकच पोर्ट जोडते, म्हणून लिबएटाने २००७ पासून हा फ्लॅग चालू ठेवला.

त्या २००७ च्या वेळचा किस्साही इथे सांगायला हवा, कारण तो आजच्या प्रकरणाची उलटी बाजू आहे. तोवर डिस्क थांबवायचं काम शटडाऊन करणारी साधनं, म्हणजे कर्नलच्या बाहेरचे प्रोग्राम करत. कर्नलनेही ते काम घेतल्यावर दोघं करू लागले. आधी प्रोग्राम डिस्क झोपवी. मग कर्नल कॅशे रिकामी करायचा हुकूम पाठवी, आणि काही डिस्क रिकामी करण्यासारखं काही नसतानाही त्या हुकमाने जाग्या होऊन फिरू लागत. मग कर्नल त्यांना पुन्हा झोपवी. या झोप-जाग-झोपेत वीज नेमकी कधी जाईल याचा भरवसा राहत नसे. तेव्हा कर्नलने एक इशारा छापायला सुरुवात केली: डिस्क नीट थांबली नसेल, शटडाऊनचं साधन अद्ययावत करा. तोही ठळक अक्षरांत. काही संगणकांचं बायॉसही (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) वीज घालवताना परस्पर डिस्क झोपवतं. लिबएटाच्या कोडमधल्या एका टिपेत अशा बायॉसना चक्क विदूषक म्हटलेलं आहे, आणि त्यांच्यासाठी ‘बंद होताना डिस्क झोपवू नको’ असा खास फ्लॅग ठेवावा लागला आहे.

म्हणजे २००७ मध्ये एक काम दोघं-तिघं करत होते. २०२३ मध्ये ते कोणीच करेना. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्या डिस्कची गत झाली.

कुलपांची गाठ

मुळात दुखणं शटडाऊनचं नव्हतंच. ते होतं झोपेतून उठण्याचं.

संगणक सस्पेंडमधून उठला की लिबएटा प्रत्येक पोर्ट रीसेट करतो, डिस्कला तिची ओळख पुन्हा विचारतो आणि शेवटी एससीएसआय थराला सांगतो की या उपकरणाची माहिती एकदा ताजी करून घे. हे सगळं त्याचा एरर हँडलर स्वतंत्र धाग्यावर करतो, कारण डिस्क फिरायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ अख्खं यंत्र खोळंबून ठेवायचं नसतं. माहिती ताजी करणाऱ्या फंक्शनला उपकरणाचं लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप, लागतं. नेमक्या त्याच वेळी कर्नलची वीजव्यवस्था एसडीमार्फत तीच डिस्क जागी करत असते, आणि तिच्या हातात तेच लॉक असतं. एसडीने पाठवलेला ‘सुरू हो’ हुकूम पुढे जायचा तर पोर्टचं काम उरकायला हवं. वेळ जुळून आली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. संगणक झोपेतून उठतो, पडदा उजळतो, आणि डिस्क लागेल असं काहीही केलं की जागच्या जागी थिजतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात यावर आधी एक मलमपट्टी आली: डिस्क पूर्ण जागी होईपर्यंत माहिती ताजी करायचं काम पुढे ढकला. ती चालली, पण गाठ तशीच होती. एकाच डिस्कला जागं करायला दोन थर धावतात, हे खरं मूळ. म्हणून शरद ऋतूत पॅचची, म्हणजे कोडमधल्या बदलांची, एक मोठी मालिका आली आणि तिने कामाची वाटणी बदलली. यंत्र झोपताना आणि उठताना साटा डिस्कचं जे काही करायचं ते लिबएटाच करेल, एसडी मध्ये पडणार नाही. पोर्ट आणि डिस्क यांच्यात उपकरणांचा दुवा जोडला, जेणेकरून कोण आधी झोपेल, कोण आधी उठेल याचा क्रम ठरून जाईल. झोपवण्याआधी ‘तू आत्ता जागी आहेस का’ असं डिस्कला विचारून घ्यायचं, आधीच विश्रांतीत असेल तर उगाच हलवायचं नाही, एवढं भानही पुढे त्यात आलं.

माझ्या मते ही वाटणी बरोबर होती, आजही बरोबर आहे. पोर्ट रीसेट झाल्यावर डिस्क कधी बोलायच्या स्थितीत येते हे लिबएटालाच कळतं.

ती अमलात आणायची तर जुना फ्लॅग फोडणं भाग होतं. यंत्र चालू असताना बराच वेळ न वापरलेली डिस्क झोपवायची असेल तर ते काम अजून एसडीकडेच राहणार होतं. म्हणून ‘मॅनेज_स्टार्ट_स्टॉप’चे दोन झाले: एक यंत्राच्या झोपेसाठी, ‘मॅनेज_सिस्टम_स्टार्ट_स्टॉप’, आणि एक चालू असतानाच्या विश्रांतीसाठी, ‘मॅनेज_रनटाइम_स्टार्ट_स्टॉप’. लिबएटाने पहिला बंद केला, दुसरा चालू ठेवला.

आता एसडीचं शटडाऊनचं फंक्शन जवळून पाहू. ते आधी विचारतं, राइट कॅशे चालू आहे का? असेल तर रिकामी करतं. मग विचारतं, हा रीस्टार्ट आहे का? नसेल आणि फ्लॅग चालू असेल तर ‘स्टॉपिंग डिस्क’ छापून डिस्क थांबवतं. रीस्टार्ट वगळला आहे कारण त्यात वीज जात नाही, डिस्क थांबवून लगेच पुन्हा फिरवण्यात काही मिळत नाही. या दुसऱ्या प्रश्नात कुठला फ्लॅग पाहायचा? जुना फ्लॅग फोडल्यावर तिथे ‘सिस्टम’वाला फ्लॅग आला. नावावरून पटतंही, शटडाऊन ही अख्ख्या यंत्राचीच गोष्ट आहे. पण लिबएटाने तो नुकताच बंद केला होता. लिबएटाच्या बाजूने झोपेचं काम उचललं गेलं, ते सस्पेंडच्या वाटेवर. शटडाऊनची वाट सस्पेंडमधून जात नाही. त्या वाटेवर उभा होता एकटा एसडी, आणि त्याला सांगून ठेवलेलं होतं की हे तुझं काम नाही.

कोणाला दिसलं नाही

बदल तपासणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटलं याचं मला आश्चर्य वाटत नाही. मालिका होती रिझ्यूमच्या, म्हणजे झोपेतून उठतानाच्या, कोंडीवर, चाचण्या झाल्या असणार सस्पेंड-रिझ्यूमच्या. शटडाऊनमध्ये फरक पडला तो अवघ्या एका ओळीचा, आणि ती ओळ कुठल्याही लॉगमध्ये सापडत नाही. हा मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा. एसडीचं शटडाऊन चालतं तेव्हा वापरकर्त्याचे सगळे प्रोग्राम संपलेले असतात, लॉग लिहिणाराही गेलेला असतो, फाइल सिस्टिम उतरवलेली असते. कर्नल तेव्हा जे बोलतो ते फक्त पडद्यावर, किंवा सीरियल कन्सोल जोडला असेल तर त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी लॉग चाळून काही हाती लागणार नाही, कारण ती ओळ पूर्वीही तिथे कधी नव्हती.

एखाद्या स्वयंचलित चाचणीने पकडावं म्हटलं तर तिथेही अडचण. आभासी यंत्रातली डिस्क हेड्स हिसडत नाही. तिचा १९२ क्रमांकाचा आकडा वाढत नाही. खऱ्या डिस्कचं खरं यंत्र खरोखर बंद करून, वीज घालवून, पुन्हा सुरू करून स्मार्टचा तक्ता वाचला तरच हे दिसतं. ज्यांना आपल्या डिस्कचे आकडे राखायची सवय होती, त्यांच्याच ते नजरेस आलं.

दुरुस्ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आली. तिसरा फ्लॅग जन्मला, ‘मॅनेज_शटडाऊन’. लिबएटाने तो चालू केला. शटडाऊनची अट आता दुपदरी झाली: रीस्टार्ट नसेल आणि सिस्टमचा फ्लॅग चालू असेल तर थांबव, किंवा खरोखर वीज जाणार असेल आणि शटडाऊनचा फ्लॅग चालू असेल तर थांबव. पॅचच्या निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं की हा प्रकार गंभीर नाही, पण असं अर्धवट बंद होणं योग्य नव्हे आणि ते स्मार्टच्या आकड्यांत दिसतं. फायरवायरच्या ड्रायव्हरलाही तिन्ही फ्लॅग चालू करून द्यावे लागले, कारण त्याला काहीच बदलायचं नव्हतं. जुन्या एका ‘हो’साठी आता तीनदा ‘हो’ म्हणणं आलं.

अटीची दुसरी बाजू बारकाईने वाचली तर ‘वीज जाणार असेल तर’ यात हॉल्ट बसत नाही. प्रोसेसर थांबला, वीज चालूच, आणि माणूस हाताने बटण दाबून यंत्र बंद करणार, अशी ती अवस्था. पूर्वीच्या ‘रीस्टार्ट नसेल तर’ या ढोबळ अटीत तीही येत होती. हॉल्ट आता फारसं कोणी वापरत नाही हे मान्य. तरी ढोबळ अट नेमकी करताना कडेचं काहीतरी गळतंच, त्याचा हा नमुना.

एवढ्यावर भागलं नाही. नोव्हेंबरात आणखी एक कड निघाली. डिस्क चालू यंत्रातच विश्रांतीला गेली होती, मग अख्खं यंत्र झोपलं आणि उठलं. उठताना लिबएटाने पोर्ट रीसेट केला, त्या धक्क्याने डिस्क फिरू लागली. एसडीच्या वहीत मात्र ती अजून झोपलेलीच. ती फिरते आहे हे त्याला ठाऊकच नाही, म्हणून ती काही वेळाने पुन्हा झोपवण्याचा प्रश्नच येत नाही. यावर उपाय म्हणून चौथा फ्लॅग आला: यंत्र उठताना अशा डिस्कची चालू अवस्था सक्तीने जागी धरायची.

मग सुरक्षित डीफॉल्ट कुठलं?

‘थांब’ हा हुकूम एकच, पण तो कुठल्या प्रसंगी द्यायचा याचं सुरक्षित उत्तर प्रसंगागणिक बदलतं. जुन्या एका फ्लॅगची खरी अडचण ही होती.

वीज जाणार आहे आणि डिस्क एकट्याची आहे, तर थांबवणं सुरक्षित. उगाच थांबवली तर एक-दोन सेकंद आणि एक पार्किंग खर्ची पडतं, न थांबवली तर आणीबाणीची माघार. तराजू सरळ झुकतो. डिस्क वाटून घेतलेली असेल तर हाच तराजू उलटा झुकतो. उगाच थांबवलेल्या डिस्कची किंमत शेजारचं यंत्र मोजतं, म्हणून तिथे ‘बंद’ हेच सुरक्षित.

यंत्र चालू असतानाची विश्रांती हा तिसराच मामला. इथे उत्साही डीफॉल्ट डिस्कला हळूहळू खातो. समजा डिस्क दर ३० सेकंदांनी हेड्स पार्क करते आणि कुठलातरी लॉग लिहिणारा तिला लगेच उठवतो. तासाला १२०, दिवसाला २,८८० वेळा. तीन लाखांची मर्यादा साडेतीन महिन्यांत गाठली. ही काल्पनिक भीती नाही. २००७ च्या आसपास लॅपटॉपच्या डिस्कवर अतिउत्साही बचतीमुळे ‘लोड सायकल काउंट’ भरभर चढत असल्याच्या तक्रारींचा गदारोळ झालेला आहे. म्हणूनच एससीएसआय थरात आपोआप विश्रांतीची मुदत मुळात उणे एक असते, म्हणजे कधीच नाही, आणि ज्याला हवी त्याने ती स्वतः ठरवायची. विजेची बचत कमी होते हे खरं, पण वापरकर्त्याच्या कामाची लय ड्रायव्हरला माहीत नसते, आणि माहीत नसताना त्याने अंदाज बांधू नये हे मला पटतं.

एनव्हीएमई या नव्या जोडणीच्या एसएसडींच्या जगातही हाच पेच वेगळ्या कपड्यांत भेटतो. तिथे बंद होताना ड्रायव्हर कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये ‘आता बंद होतोय’ अशी सूचना लिहितो आणि तो आवरून झाल्याचं सांगेपर्यंत थांबतो. हे न करता वीज गेली तर डिस्क ‘अनसेफ शटडाऊन्स’मध्ये एक भर टाकते. हलक्या झोपेत जाताना मात्र लिनक्स ५.३ पासून ड्रायव्हर डिस्क बंद करत नाही, तिच्या स्वतःच्या कमी विजेच्या अवस्थेत सोडतो, कारण लवकर उठता येतं. हे तेव्हाच ठीक जेव्हा झोपेत तिची वीज खरोखर चालू राहते. काही लॅपटॉपवर तसं होत नाही. मग ‘स्टोरेज-डी३-एनेबल’ नावाच्या खुणेने फर्मवेअर ड्रायव्हरला आधीच कळवतं की इथे डिस्क पूर्ण बंद करूनच झोप. वीज जाणार की राहणार हे ड्रायव्हरला स्वतःहून कळायचा मार्ग नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने सांगायचं, आणि सांगितलं नसेल तर काय धरून चालायचं तेवढं ड्रायव्हरने ठरवायचं.

नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडून मी एक साधा तक्ता मागेन. उभ्या रांगेत प्रसंग: सस्पेंड, हायबरनेट, बंद, हॉल्ट, रीस्टार्ट, चालू असतानाची विश्रांती, मॉड्यूल काढणं, डिस्क ओढून काढणं. आडव्या रांगेत थर. प्रत्येक चौकटीत एकाच थराचं नाव, आणि एकही चौकट कोरी नको. जिथे दोन नावं येतील तिथे २००७, जिथे एकही येणार नाही तिथे २०२३. फ्लॅगची संख्या वाढली म्हणून कुरकुर करणारे भेटतात, आणि एका बूलियनच्या जागी चार आले हे दिसायला वाईट दिसतं खरं. पण ते चार प्रसंग आधीपासून होतेच, फक्त एका नावाखाली झाकलेले होते. आणखी एक: फ्लॅग फोडताना नव्या फ्लॅगचं डीफॉल्ट ‘जुन्या फ्लॅगचं जे होतं ते’ असंच असावं, आणि ज्याला बदलायचं आहे त्याने ते मुद्दाम, वेगळ्या पॅचमध्ये बदलावं. लिबएटाच्या त्या पॅचचा उद्देश रिझ्यूमची कोंडी फोडण्याचा होता. शटडाऊनचं वर्तन वेगळ्या फ्लॅगमध्ये जसंच्या तसं राहिलं असतं तर ते बदलायला कोणाला तरी हेतुपुरस्सर हात घालावा लागला असता, आणि तिथे कोणीतरी ‘का?’ विचारलं असतं.

आपल्या यंत्रावर पाहायचं तर

कर्नलची सेटिंग्ज फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या ‘सिस’ फाइल सिस्टिममध्ये एससीएसआय डिस्कच्या वर्गाखाली दर डिस्कची एक फोल्डर असते, त्यात हे फ्लॅग वाचता येतात. साटा डिस्कवर शटडाऊनचा आणि रनटाइमचा एक, सिस्टमचा शून्य, असं दिसायला हवं. जुन्या नावाची ‘मॅनेज_स्टार्ट_स्टॉप’ फाइल अजून तिथे आहे, पण ती आता फक्त वाचण्यापुरती. सिस्टम, रनटाइम आणि शटडाऊन हे तिन्ही फ्लॅग चालू असतील तरच ती एक दाखवते. म्हणून साटा डिस्कवर ती शून्य दाखवते, त्याने दचकून जायचं कारण नाही. लिबएटाखाली न येणाऱ्या आपल्या डिस्क बंद होताना थांबाव्यात म्हणून ज्यांनी त्या फाइलीत एक लिहिणारा यूडेव्हचा (उपकरण दिसताच सेटिंग लावणाऱ्या साधनाचा) नियम वर्षांपूर्वी टाकून ठेवला आहे, त्यांचा नियम आता निष्फळ आहे. त्यांनी नव्या नावांनी तो पुन्हा लिहायला हवा.

खरी खात्री स्मार्टच्या तक्त्यातूनच होते. यंत्र बंद करण्याआधी १२ क्रमांकाचा ‘पॉवर सायकल काउंट’ आणि १९२ क्रमांकाचा आकडा टिपून ठेवायचा, नीट बंद करायचं, सुरू करून पुन्हा वाचायचा. १२ एकाने वाढणारच. त्याच्याबरोबर १९२ सुद्धा वाढला, आणि दर वेळी वाढत राहिला, तर डिस्क थांबवायला कोणी नाही असं समजायला हरकत नाही. १९२ चा अर्थ कंपनीगणिक थोडा बदलतो, म्हणून एकूण आकडा मोठा दिसला तरी त्यावरून निकाल देऊ नये, आधी-नंतरचा फरकच पाहावा.